निर्धास्त द्या

तिला सगळे सुईताई म्हणायचे. खरं नाव पगाराच्या दिवशी सही करण्यापुरतं. हात इतका हलका, की सुई आत कधी गेली आणि बाहेर कधी आली हे पेशंटला कळायचंच नाही. रक्त म्हटलं की डोळे पांढरे करणारे धिप्पाड पुरुष तिच्यापुढे मुकाट बाही वर करून बसायचे. लहान पोरांना ती विचारायची, "मुंगी कुठे गेली रे?" पोर मुंगी शोधेपर्यंत हिचं काम उरकलेलं असायचं.

लॅब चपलांच्या दुकानाच्या वर होती. जिना चढून गेलं की बाकडी, मग काउंटर, मग पडद्याआड सुईताईची खुर्ची, आणि तिच्या पाठीमागे काचेचं दार असलेली आतली खोली. तिथे यंत्रं आणि ती चालवणारा एक माणूस. तो दिवसभर बाहेर यायचा नाही, डबाही तिथेच खायचा, म्हणून त्याला सगळे 'आतले' म्हणत. सुईताई नळ्या भरायची, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायची आणि खिडकीतून आत सरकवायची. आतले नळ्या घेताना हमखास विचारायचे, "ताई, पेशंट कसा दिसत होता?"

ती सांगायची, "थकलेत बिचारे. पायांवर सूज आहे." नाहीतर, "ठणठणीत आहे हो, बायकोनं बळंच आणलाय."

तिला वाटायचं, यंत्रांच्या संगतीत राहूनही ह्या माणसाला माणसांची चौकशी आहे. घरी नवऱ्यापाशी तिनं त्यांचं कौतुकसुद्धा केलं होतं.

एका दुपारी तिच्या बाजूच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून ती हात धुवायला काचेचं दार ढकलून आत गेली. आतले बेसिनपाशी उभे होते. एकेका नळीचं बूच काढून रक्त ओतून देत होते. सकाळच्याच नळ्या. चिठ्ठ्यांवर तिचंच अक्षर.

"झालंसुद्धा एवढ्यात?" तिनं विचारलं.

आतल्यांनी नळ मोठा सोडला. "क्षारांचं यंत्र बंद आहे, ताई. उन्हाळ्यापासून."

"मग रिपोर्ट कसे जातात?"

"टाकतो ना आकडे. वय बघायचं. जुना रिपोर्ट असला तर तो बघायचा. आणि तुम्ही सांगता ते धरायचं."

"मी काय सांगते?"

"कसा दिसतो ते."

सोडियम, पोटॅशियम, मूत्रपिंडाच्या रोग्यांना औषध द्यायचं ते ह्या आकड्यांवर. आणि एवढे दिवस ते आकडे तिच्या गप्पांवरून पडत होते. हात न धुताच ती बाहेर आली.

डॉक्टरसाहेब आठवड्यातून दोनदा सह्या करायला येत. त्यांच्यापुढे ती उभी राहिली तेव्हा त्यांनी आधी तिच्या नवऱ्याच्या कंबरेची चौकशी केली. मग चष्मा काढून शांतपणे म्हणाले, "सुटा भाग बाहेरून यायचाय. यायला वेळ लागतो. तोवर काय, दाराला कुलूप लावू? ह्या जिन्यावर किती घरांच्या चुली पेटतात, माहीत आहे ना? आणि शंभरातल्या नव्वदांचे क्षार ठीकच असतात. मी डॉक्टर आहे, मला कळतं. तुम्ही तुमची सुई सांभाळा."

नवरा एका गोदामात माल उचलायची गाडी चालवायचा. कंबर धरल्यापासून मालकानं त्याला फाटकावर बसवलं होतं, पगार निम्म्यावर आणून. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. आधी पाण्यातनं बाहेर ये. मग बघू."

सल्ला शहाणपणाचा वाटला. नऊ वर्षांत नोकरी बदलायचा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. आता दुसरं काही सुचेना. पुढचे दिवस ती रक्त काढत राहिली. फक्त खिडकीतून प्रश्न आला की म्हणायची, "मी बघितलं नाही." आतले खांदे उडवायचे आणि नळ्या घ्यायचे.

शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या रुग्णालयात जागा निघाली. अर्ज नणंदेनं भरला. नणंद नोकऱ्या लावून देणाऱ्या एका ऑफिसात होती. लोकांना खुर्चीत कसं बसायचं, हात कुठे ठेवायचे आणि किती हसायचं हे शिकवायची, आणि त्याचे पैसे मिळायचे. वहिनीला मात्र फुकट शिकवायला सुटीच्या दिवशी आली. स्वयंपाकघरातलं टेबल मध्ये घेतलं, भावाला कंबरेचा पट्टा बांधून साहेब म्हणून बसवला आणि सुईताईला दाराबाहेर काढलं.

सुईताई दार वाजवून आत आली.

"आता साहेबांना काय म्हणशील?" नणंदेनं विचारलं.

"चप्पल कुठे काढू?"

साहेब खो-खो हसले आणि कंबर धरून कळवळले. नणंदेनं कपाळावर हात मारला. "वहिनी, तू पाहुणी नाहीस! नमस्कार म्हण, बसू का विचार. हं. आता सांग, तुमच्यातली उणीव काय?"

"मला भांडता येत नाही."

"खरी उणीव सांगायची नसते गं!"

"मग विचारतात कशाला, वन्सं?"

"तू खोटं किती नीट बोलतेस ते बघायला. सांग, मी कामात फार बारकाईनं शिरते, त्यात वेळ जातो. आता पुढचं. जुनी नोकरी का सोडताय?"

सुईताईनं नवऱ्याकडे बघितलं. मग बेसिनपासून सगळं सांगून टाकलं. नणंद ऐकताना गंभीर झाली, हातातला कप तसाच राहिला. पण शेवटी मान हलवून म्हणाली, "वहिनी, हे तिथे तोंडातून काढायचं नाही. जुन्या मालकाला नावं ठेवणाऱ्याला कुणी घेत नाही. त्यांना वाटतं, आज त्याच्याबद्दल बोलतेय, उद्या आपल्याबद्दल बोलेल."

"पण खरं आहे ते."

"खरं आहे म्हणून तर जास्त घाबरतील. तू एवढंच म्हण, तिथे मला खूप शिकायला मिळालं. आता मोठ्या ठिकाणी जबाबदारी घ्यायची आहे. म्हण बघू."

सुईताईनं म्हटलं. भाजी चिरताना म्हटलं, कपडे वाळत घालताना म्हटलं, बसमध्ये ओठांतल्या ओठांत म्हटलं. शेवटी ते वाक्य तिच्या जिभेवर असं बसलं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी पोपटासारखं आलं असतं.

मुलाखतीच्या दिवशी लांबलचक व्हरांड्यात बरीच माणसं बसलेली. इस्त्रीचे कपडे आणि कोरडी तोंडं. सुईताईची पाळी आली तेव्हा टेबलापलीकडे प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई होत्या. आखूड केस, समोर निवलेला चहा. त्यांनी काही न विचारता स्वतःची बाही वर केली. "काढा."

सुईताईचा जीव भांड्यात पडला. हे तिला येत होतं. कापूस दाबून ती मागे सरली तेव्हा प्रमुख बाई नळीकडे बघत म्हणाल्या, "सुई लागली कधी?" पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

मग प्रश्न. उणीव आली, तिचं उत्तर आलं. जुनी नोकरी का सोडताय आलं, त्याचंही उत्तर धडाधड बाहेर पडलं. सुईताईला वाटलं, सुटले. तेवढ्यात प्रमुख बाईंनी कागदांच्या थप्पीतून एक कागद ओढला.

"आणखी एक. हा काही मुलाखतीचा प्रश्न नाही. आमच्याकडे क्षारांच्या तपासण्या फार साठतात. जादा नमुने बाहेर द्यायचं चाललंय, आणि सगळ्यांत कमी दर तुमच्याच लॅबनं दिलेत. तुम्ही आतल्या गोटातल्या. द्यावं का त्यांना काम?"

तिनं पुढे कितीदा तरी ही घटका मनात परत उलगडून बघितली. खिडकीतून येणारं ऊन, टेबलावरची रक्ताची गरम नळी. खरं सांगितलं तर नऊ वर्षं तिथे काय करत होता, हे विचारतील. कळल्यावरही का राहिलात, विचारतील. व्हरांड्यात बसलेल्या माणसांपैकी कुणीतरी ह्या खुर्चीवर येऊन बसेल. आणि पट्टा बांधलेला नवरा फाटकावर.

"चांगलं काम आहे तिथलं," ती म्हणाली. "निर्धास्त द्या."

हा शब्द नणंदेनं शिकवलेला नव्हता. तो तिचा स्वतःचा होता.

नोकरी लागली. पगार वाढला, नवऱ्याच्या कंबरेवर नीट उपचार सुरू झाले, त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं की आमची बायको आता मोठ्या ठिकाणी असते. सुईताई खूश होती असं म्हणायला हरकत नाही. नव्या जागी पांढरीशुभ्र खोली, भरपूर पाणी, आणि यंत्रं काचेआड नव्हे तर समोर, घुरघुरत चाललेली. बघून तिला बरं वाटायचं. कराराचं लांबणीवर पडलं असेल, असं ती स्वतःला सांगायची. नाहीतर सुटा भाग आलाही असेल.

दुसऱ्या महिन्यात बर्फाच्या पिशव्या घातलेला निळा खोका आला. रोज दुपारी जादा नळ्या त्यात भरायच्या आणि नेणाऱ्याच्या हाती द्यायच्या, हे काम सुईताईकडेच आलं. "तुमच्या ओळखीचे आहेत," प्रमुख बाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी तिनं आतल्यांना फोन लावला. "यंत्र झालं का दुरुस्त?"

आतले म्हणाले, "ताई, तुम्ही सुटलात ना? मग सुखानं राहा. उगाच झाकलेलं उकरू नका."

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला कायम होऊ दे. कायम झालीस की बोल. मग कुणी हात लावू शकणार नाही." तेही शहाणपणाचंच वाटलं.

तोवर तिनं आपल्यापुरती एक वाट काढली. नळ्या दोन ठिकाणी जायच्या, इथल्या यंत्रावर नाहीतर खोक्यात. कुठली कुठे, हे बघायला कुणी नव्हतं. मग ती पेशंटकडे बघायला लागली. चेहरा सुजलेला, श्वास लागलेला, हाताला धरून आणलेला माणूस असला की त्याची नळी इथल्या यंत्रावर. जो हसत आला, आपल्या पायांनी आला, त्याची खोक्यात. असं करताना तिला जरा धीर यायचा, की निदान जे खरोखर आजारी आहेत त्यांना तरी आपण वाचवतोय. ती करत होती ते आतल्यांसारखंच आहे, हे तिला एकदा बाही गुंडाळताना लख्ख जाणवलं. तिनं ते मनातून झटकलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

नेहमी येणाऱ्यांत घड्याळं दुरुस्त करणारे एक काका होते. मूत्रपिंडं कामातून गेलेली, खाण्यापिण्यावर शंभर बंधनं, पण तोंड एक मिनिट बंद नाही. "सुईताई, माझी किल्ली किती राहिलीये ते बघा," म्हणत बाही वर करायचे. बरोबर बायको असायची. ती हसायची नाही, त्यांची पिशवी धरून उभी राहायची. त्या दिवशी काका एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होते. बंद घड्याळ घेऊन आलेला, आणि म्हणाला, दिवसातनं दोनदा बरोबर वेळ दाखवतं, तेव्हा निम्मेच पैसे देईन. खोलीतले सगळे हसले, सुईताईही हसली. इथल्या यंत्रावरच्या जागा भरत आल्या होत्या आणि मागे एक बाई धापा टाकत बसलेली होती. काकांचा चेहरा चांगला तजेलदार होता. त्यांची नळी तिनं खोक्यात ठेवली.

रिपोर्ट आला. पोटॅशियम ठीक.

दोन दिवसांनी सकाळी काकांना तातडीच्या विभागात आणलं. हृदय थांबत थांबत चाललेलं होतं. तिथे काढलेल्या रक्ताची नळी प्रयोगशाळेत धावत आली, यंत्रानं आकडा दाखवला आणि प्रमुख बाई खुर्चीतून उठल्याच. पोटॅशियम भलतंच चढलेलं. उलट निरोप जाईपर्यंत तिकडे सगळं संपलं होतं.

"परवा ठीक होतं," प्रमुख बाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या. "दोन दिवसांत एवढं चढलं?"

सुईताईनं हातमोजे काढले. "बाई, मला जरा बोलायचंय."

मुलाखत झाली होती त्याच खोलीत दोघी बसल्या. सुईताईनं बेसिन सांगितलं, उन्हाळ्यापासून बंद असलेलं यंत्र सांगितलं, आतल्यांचा फोन सांगितला. आपण नळ्या कशा निवडत होतो तेही सांगितलं. प्रमुख बाईंचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"इथे यायच्या आधीपासून."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"इथेच बसून. काय म्हणाला होतात?"

"निर्धास्त द्या म्हणाले."

करारावर सही त्यांची होती. प्रमुख बाई बोलल्या तेव्हा आवाज अगदी खालचा होता. "खोका आजपासून बंद. कारण खर्चाचं सांगू. तुम्ही राजीनामा द्या, मी दाखला चांगला देईन. कुठेही काम मिळेल तुम्हाला, हात सोन्याचा आहे. फक्त हे ह्या खोलीबाहेर जायला नको. गेलं तर रुग्णालयाचं नाव जाईल, आणि गेलेला माणूस काही परत येणार नाही."

घरी नणंद आली, सगळं ऐकून हादरली, पण धंद्याचं शहाणपण तिला सोडवेना. "दाखला घे, वहिनी. दाखल्याशिवाय पुढच्या ठिकाणी दारात उभं करणार नाहीत."

"पुढच्या ठिकाणी काय सांगू, वन्सं?" सुईताई म्हणाली. "खूप शिकायला मिळालं?"

नवरा उठून दुसऱ्या खोलीत गेला. त्या दिवशी पहिल्यांदा सुईताईला कुणाचाच सल्ला नको होता.

काकांचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. मागच्या खोलीत बिऱ्हाड होतं. बायकोनं दार उघडलं, ओळखलं, आत घेतलं. दवाखान्यातून कुणीतरी भेटायला आलं ह्याचंच तिला अप्रूप वाटलं असावं. बसल्या बसल्या ती आपणहून बोलायला लागली.

"मीच मारलं हो त्यांना. रिपोर्ट चांगला आला म्हणून खूश झाले होते. म्हणाले, आज एक संत्रं दे. पोटॅशियम चढतं म्हणून वर्षभर तोंडाला लावलं नव्हतं. मी म्हटलं, चांगला आलाय तर खाऊ दे एवढं. एकाची दोन झाली. दुसऱ्या दिवशी आणखी दिली. मुलीला सांगितलेलंच नाही मी. कुठल्या तोंडानं सांगू?"

सुईताईला वाटलं होतं, बोलायला सुरुवात कशी करायची हाच प्रश्न पडेल. आता तो राहिला नव्हता. "तुमची चूक नाही," ती म्हणाली. "तो रिपोर्ट खोटा होता. ते रक्त कुणी तपासलंच नव्हतं, ओतून दिलं. पोटॅशियम तेव्हाच चढलेलं असणार, खरा रिपोर्ट आला असता तर डॉक्टरांनी त्याच दिवशी त्यांना भरती केलं असतं."

बायकोला कळायला वेळ लागला. मग तिनं एकेक विचारायला सुरुवात केली, आवाज न चढवता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"त्यांची नळी तिकडे कुणी धाडली?"

"मी."

"का?"

"बरे दिसत होते," सुईताई म्हणाली.

"ते सगळ्यांनाच बरे दिसायचे," बायको म्हणाली. "दुकानात बसणाऱ्याला बरंच दिसावं लागतं. घरी आले की भिंतीला धरून चालायचे." तिनं डोळे पुसले नाहीत. जरा वेळानं उठली आणि दार उघडून धरलं. "उठा. मला तुमचं तोंड बघवत नाही." सुईताई उंबऱ्याबाहेर पडल्यावर मागून म्हणाली, "मुलगी उद्या येतेय. तिच्यासमोर हेच सगळं सांगाल?"

"सांगेन."

"मग उद्या या."

ती गेली आणि सांगितलं. मुलीनं तक्रार केली, चौकशी लागली. दाखला अर्थातच मिळाला नाही. चपलांच्या दुकानावरच्या लॅबला सील लागलं. आतल्यांनी जबानीत सांगितलं, साहेबांनी सांगितलं ते मी केलं, आणि पेशंट कसा दिसतो हे ताईच मला सांगायच्या. ते खोटं नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी वकील चांगला दिला. रुग्णालयानं लिहून दिलं, की आम्हाला कसलीच कल्पना नव्हती, आणि संबंधित कर्मचारी आता आमच्याकडे नाही.

सुईताईनं आणखी तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. तिन्ही ठिकाणी जुनी नोकरी का सोडली हे विचारलं आणि तिनं जसं घडलं तसं सांगितलं. तिन्ही ठिकाणी कळवतो म्हणाले. नवऱ्याच्या गोदामात आता ती पुठ्ठ्याच्या खोक्यांना पट्ट्या मारते. नणंद येते, पण कामाचा विषय काढत नाही. नवऱ्याची कंबर पूर्वीइतकीच दुखते. तो कधी तिला दोष देत नाही, आणि तू बरोबर केलंस असंही कधी म्हणाला नाही.

चौकशीच्या तारखेला ती सुटी घेऊन जाते. कचेरीच्या जिन्याशी एकच बाकडं आहे, त्यामुळे काकांची बायको आणि ती शेजारी बसतात. बोलत नाहीत. पुकारा झाला की आत जातात. बहुतेक वेळा पुढची तारीख पडते.